तिसऱ्यांदा विचारल्यावर

ऋजुता परुळेकरला या प्रकरणातून काय काय मिळणार होतं ते आधीच मांडून ठेवू, म्हणजे पुढे कुणी तिला उगाच 'बिचारी' म्हणायला नको.

एक तर हेशिनचं कायम रहिवासपत्र. ते परदेशी माणसाला सहसा मिळत नसे, आणि मिळालं की शेजारी लिफ्टमध्ये आपणहून हसायला लागत. शिवाय युनचंग शहरात नदीकडे तोंड असलेलं घर, त्यात आईसाठी वेगळी खोली आणि त्या खोलीला स्वतंत्र मोरी. मोरीचं तिनं अर्जात मुद्दाम लिहून घेतलं होतं; आई दुसऱ्याच्या मोरीत अंघोळ करत नाही हे तिला ठाऊक होतं. पण या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे नाव. हेशिनच्या शाळांतली मुलं विज्ञानाच्या पुस्तकात 'परुळेकर नियम' शिकत. 'पालुलेका' म्हणत, पण म्हणत. वेंगुर्ल्याच्या खानावळवाल्या बाईच्या मुलीचं आडनाव चिनी पोरं परीक्षेत लिहीत होती आणि चुकलं तर गुण गमावत होती. परुळेकरांच्या सात पिढ्यांत कुणाला एवढा मान मिळाला नव्हता.

आणि बदल्यात करायचं काय? बायताओ नावाच्या एका डोंगरगावात जायचं, पीच खायचे आणि एकच प्रश्न तीनदा विचारायचा.

आता हे हेशिन काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. समुद्र वर चढला, चीनच्या किनाऱ्यावरची सखल शहरं माणसांना सोडून द्यावी लागली, आणि आतल्या डोंगराळ मुलखात हे नवं चिनी राज्य उभं राहिलं. हेशिन म्हणजे एकमन. उभारणाऱ्यांनी आधीच्या पिढ्यांची फरपट पाहिली होती. कुणाला कुठून उठवलं, कुणाचं घर कशाखाली गेलं, याच्या कहाण्या घरोघर होत्या. म्हणून त्यांनी राज्याचा पहिलाच कायदा केला: ज्याची जागा जाणार त्याच्या मनातून होकार आल्याशिवाय एक वीटही हलणार नाही. कायदा उत्तम होता. फक्त मनातलं कसं ओळखायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो ऋजुतानं सोडवला होता.

माणूस शब्द उच्चारतो त्याच्या क्षणभर आधी मेंदू घशाच्या आणि जिभेच्या स्नायूंना हुकूम पाठवतो. हुकूम म्हणजे विजेची झुळूक. वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, इतकं क्षीण की त्याच्यापुढे पृथ्वीचं चुंबकत्व म्हणजे तुफान. पण काही वायूंचे अणू प्रकाशाच्या मदतीनं एका दिशेला उभे करून ठेवले की त्या झुळकीनंही ते डुलतात, आणि ते डुलणं मोजता येतं. तांदळाच्या कणीएवढ्या कुप्यांत असे अणू भरून त्या कुप्या रेशमी गळपट्ट्यात विणल्या होत्या. पट्टा गळ्याला बांधला की तोंडातून निघालेला शब्द आणि घशानं आधी जुळवलेला शब्द, दोन्ही कळत. कधीकधी घसा 'हो'ची तयारी करतो, मग माणूस ती मोडून 'नको' म्हणतो. या मोडतोडीला ऋजुता 'ताण' म्हणे. ताण असला की पट्ट्यावरचा दिवा लाल, नसला की हिरवा.

हे यंत्र तिच्या आधीही होतं. लोक मात्र भिडस्त होते आणि पहिल्या उत्तराला दिवा सारखा लाल लागे. हेशिनमध्ये पाहुणा फळाची टोपली पुढे करतो तेव्हा यजमान 'नको, कशाला' म्हणतो, पुन्हा 'नको' म्हणतो, आणि तिसऱ्यांदा घेतो. पहिल्या खेपेला घेणारा हावरट. ऋजुताला हे नवीन नव्हतं. आईच्या खानावळीत गिऱ्हाईक ताटावर दोन्ही हात आडवे धरायचं आणि आई तिसऱ्यांदा विचारून बोटांच्या फटीतून सोलकढी ओतायची. दोनदा नको म्हणणारा माणूस भुकेलेला असतो, हे आईचं शास्त्र. ऋजुतानं ते प्रयोगशाळेत नेलं. हजारो माणसांना जेवण, भेटवस्तू, बढती, सुट्टी देऊ केली, प्रत्येकाला तीनदा विचारलं, आणि तिसऱ्या उत्तरात ताण जवळजवळ नाहीसा होतो असं दाखवून दिलं. परुळेकर नियम तो हाच: तिसरं उत्तर खरं. आधीची दोन म्हणजे शिष्टाचार, ती तपासायची नाहीत, त्यांना दिवाही लावायचा नाही, साठवायची तर नाहीतच. माणसाच्या भिडेत सरकारनं नाक खुपसू नये, असा तिचा स्वतःचाच हट्ट होता.

मनात ती यंत्राला 'कौल' म्हणे. गावच्या देवळात देवाला पाकळ्या लावून कौल मागतात, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. पुजारी मनासारखी पाकळी पडेपर्यंत थांबतो अशी कुजबुज तिथंही असायचीच. तिकडे ऋजुताचं लक्ष गेलं नाही. यशस्वी माणसांचं सहसा जात नाही.

बायताओ डोंगराच्या कुशीत होतं. पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि प्रत्येक पायरीवर पांढऱ्या पीचची झाडं. खालच्या दरीत तळं करायचं होतं, आणि तळ्याचं पाणी लागणार होतं ते कौलाच्याच गणकघराला थंड ठेवायला. साऱ्या राज्याचे होकार मोजून मोजून ती यंत्रं तापत. म्हणजे यंत्राला गार करण्यासाठी गावानं बुडावं की नाही, हे तेच यंत्र ठरवणार होतं. ऋजुतानं हे प्रवासात बोलून दाखवलं तेव्हा तांग शुलान हसल्या होत्या.

तांग शुलान म्हणजे संमती संस्थेच्या संचालक. बारा वर्षांपूर्वी सुटकेसमध्ये आमसुलं भरून आलेल्या या मुलीला त्यांनीच पहिली नोकरी दिली, चिनी बोलायला शिकवलं, तापात भाताची पेज करून घातली. ऋजुता त्यांना 'तांग लाओशी' म्हणे, लाओशी म्हणजे गुरू. त्या तिला 'शिआओ रु' म्हणत, म्हणजे धाकटी रु. ऋजुता हे पूर्ण नाव त्यांनी एकदाच उच्चारून पाहिलं होतं आणि मग दोघींनी मिळून तो विषय सोडून दिला होता.

शाळेच्या अंगणात बाकं मांडली होती. सगळ्यांत आधी मान गावातल्या थोरल्या बाईचा, हुआंग आजींचा. आजींनी पट्टा स्वतःच बांधला आणि आरशात बघावं तशी मान वळवून शेजारणीला विचारलं, "शोभतोय का गं?"

"लग्नात एवढी सजली नव्हतीस," शेजारीण म्हणाली.

ऋजुतानं नियमातलं वाक्य उच्चारलं. "गाव सोडून नव्या वसाहतीत जायला तुमची संमती आहे का?"

"नाही, पोरी. इथं बरं आहे आमचं," आजी म्हणाल्या आणि पीचची बशी तिच्याकडे सरकवली.

"गाव सोडून नव्या वसाहतीत जायला तुमची संमती आहे का?"

"नाही. तू खा ना. सालासकट खायचा असतो तो."

तिसऱ्या वेळी ऋजुताचा आवाज किंचित चिरकला. सकाळपासून बोलबोलून घसा बसला होता, एवढंच. आजींनी तिच्याकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या तांगबाईंकडे, मग बशीकडे.

"बरं. जाऊ," आजी म्हणाल्या.

दिवा हिरवा. स्वच्छ, ठाम हिरवा. थरथर नाही, काही नाही. आजींनंतर घरटी एक माणूस येत गेला आणि प्रत्येक पट्टा तसाच हिरवा होत गेला. आख्खं गाव राजी झालं. सोबतच्या अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, गावकऱ्यांनीही वाजवल्या. शिष्टाचारच होता तो.

जेवणं झाल्यावर ऋजुता हात धुवायला हुआंग आजींच्या परसात गेली. आजी उकिडव्या बसून एका रोपाला पट्टी गुंडाळत होत्या. पट्टी कशाची ते ऋजुताला सांगावं लागलं नाही. वेंगुर्ल्याच्या मुलीला कलम बांधलेलं ओळखू येतं. खोडाला तिरकी चीर, डोळा ताजा, बांधणी घट्ट. मन लावून बांधलेलं कलम.

"आजी, हे काय करताय?"

"दिसतंय की."

"पण याला फळ धरायला तीन वर्षं लागतील. इथं तर पुढच्या वर्षी पाणी येणार."

"येऊ दे. झाडाला कुठं कुणी विचारलंय?" आजी म्हणाल्या आणि गाठ मारली.

ऋजुता शेजारी बसली. हातावरचं पाणी तसंच. "तुम्ही हो म्हणालात. दिवा हिरवा लागला. मनापासून म्हणालात."

"मनापासूनच म्हटलं. एकदा द्यायचं ठरवलं की हात आखडता घेऊ नये."

"पण तुम्हाला जायचं नाहीये."

आजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं खानावळीत आई दुसऱ्यांदा मीठ मागणाऱ्याकडे पाहायची. "मी पहिल्यांदा काय म्हटलं?"

"नाही म्हणालात."

"ऐकू आलं होतं ना?"

"आलं होतं."

"मग पुन्हा का विचारलंस? मी म्हटलं, हिला वरून कुणीतरी पाठवलंय. तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा तर तुझा आवाज लागेना. एवढ्या लांबून आलेल्या पोरीला तिसऱ्यांदा नाही म्हणायचं? त्या बाईंच्या समोर? आमच्याकडे तिसऱ्यांदा नाही म्हणजे भांडण. आणि तुझ्याशी मी कशाला भांडू? तू माझं काय वाईट केलंयस?"

ऋजुताला तिचे सगळे प्रयोग आठवले. जेवण, भेटवस्तू, बढती, सुट्टी. प्रत्येक नमुना काहीतरी मिळण्याचा होता. काहीतरी जाण्याचा नमुना तिनं एकही घेतला नव्हता. सोलकढी नाकारणारा माणूस आणि घर नाकारणारा माणूस तिच्या गणितात एकाच बाकावर बसले होते.

आणि ताणाचं म्हणाल तर तिसऱ्या उत्तरात तो असणार कसा? माणसानं हार मानली की ताण जातो. भुकेलेला 'वाढ' म्हणतो तेव्हाही जातो, आणि देणारा 'घे' म्हणतो तेव्हाही जातो. दोघांतला फरक तिसऱ्या उत्तरात नव्हताच. तो पहिल्यात होता. भुकेल्याचा पहिला 'नको' अडखळतो. आजींचा पहिला 'नाही' सरळ आला असणार, लोण्यातून सुरी जावी तसा. पण ते आता कुणाला दाखवणार? पहिलं उत्तर साठवायचं नाही, हा नियम कुणाचा?

परतीच्या गाडीत तिनं आईला फोन लावला. आई लोणच्याच्या बरण्या कपड्यांत गुंडाळत होती. पुढच्या महिन्यात तिचं विमान होतं.

"आई, एक विचारू? तुला इकडे यायचंय?"

"आता काय इचारतंस? येतंय म्हटलंय मां."

"मी पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा काय म्हणाली होतीस?"

"कायतरी म्हटलंय आसतलंय. माका काय आठवता?"

"नको म्हणाली होतीस. दुसऱ्यांदाही नको म्हणालीस. म्हणालीस, खानावळ कोण बघणार, माझ्या माणसांना कोण वाढणार."

पलीकडे बरणी ठेवल्याचा आवाज आला. मग आईचा, जरा हळू. "अगो, तू तीनदा इचारलंस. पोटच्या चेडवाक तीनदा नको कसा म्हणू? तू आपली आशेन इचारी होतंस."

"म्हणजे तुला यायचं नाही."

"यायचा नाय असा खंय म्हटलंय? तुका होया म्हणान येतंय. मनापासून येतंय गो."

ऋजुतानं फोन ठेवला आणि खिडकीला डोकं टेकलं. शेजारी तांगबाई डोळे मिटून बसल्या होत्या, झोपल्या नव्हत्या.

"कुणाशी भांडलीस?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"माझ्या नियमाशी," ऋजुता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तांगबाईंच्या खोलीत तिनं सगळं सांगितलं. बाई चहाचा पेला फिरवत ऐकत होत्या. त्यांचं डोकं सावकाराच्या मुनिमासारखं चालायचं. कुठली गोष्ट कुठे जाऊन भिडेल ते त्यांना आधी दिसायचं.

"म्हणजे बायताओच नाही," त्या म्हणाल्या. "आधीची गावंही."

"हो."

"रस्ते, धरणं, नवी शहरं. नवऱ्यांनी बायकांना तीनदा विचारून घेतलेल्या बदल्या. सगळं."

"हो, लाओशी."

"तुला एक गाव वाचवायचंय असं मला वाटलं होतं. तू तर राज्याची शिवण उसवायला निघालीस. पुरावा?"

"नाही. माझ्याच नियमानं पुसला गेला."

"छान. आणि तुझं रहिवासपत्र कोण देणार आहे?"

"संमती मंडळ."

"आणि आक्षेप कुणापुढे मांडणार?"

"संमती मंडळापुढे."

तांगबाईंनी पेला खाली ठेवला. "शिआओ रु, तुला काय हवंय ते नीट सांग. मी मोठ्या पदावरची म्हातारी आहे, मला कोडी आवडत नाहीत."

"पुढच्या माणसाला विचारताना त्याचं पहिलं उत्तर ऐकलं जावं, एवढं हवंय. बाकी मी फेडीन."

"तू काय फेडणार? तुझ्याजवळ आहे काय?" बाई म्हणाल्या. चिडून म्हणाल्या, म्हणजे काळजीनं.

मंडळाची रीत अशी की आक्षेप घेणाऱ्याला गळपट्टा बांधून तीनदा विचारायचं: आक्षेप मागे घेता का? तिसऱ्या उत्तराला हिरवा दिवा लागला की ते उत्तर कायदा, आणि त्यानंतर आक्षेपकानं तोंड उघडायचं नाही. विचारायचं काम संस्थेच्या प्रमुखांचं, म्हणजे तांगबाईंचं. ऋजुतानं कायद्याच्या कोपऱ्यातलं एक कलम शोधून काढलं. स्वतःची तिन्ही उत्तरं राखून ठेवा, असं कुणीही नागरिक वा पाहुणा मागू शकत होता. आजवर कुणी मागितलं नव्हतं. स्वतःची भीड सांभाळून ठेवायची हौस कुणाला असते? तिनं अर्ज टाकला.

तिचा बेत सरळ होता. दोनदा 'नाही' म्हणायचं, तिसऱ्यांदा मुद्दाम 'हो', दिवा हिरवा लागला की पहिलं उत्तर उघडलं जाईल आणि यंत्र कसं फसतं ते मंडळाला दिसेल. घरी तिनं पट्टा बांधून आरशासमोर तालीम केली. 'हो' म्हटलं की दिवा लाल. पुन्हा म्हटलं, पुन्हा लाल. यंत्र उत्तमच होतं. नाटक त्याला क्षणात कळायचं. हिरवा हवा असेल तर खरोखर हार मानावी लागणार होती, आणि हार मानायचीच नाही असं ठरवून तर ती निघाली होती. सकाळपर्यंत ही गाठ सुटली नाही. सुटली नाही तरी जायचं, तिन्ही वेळा 'नाही' म्हणायचं, आणि पुरावा नसलेली हटवादी परकी बाई म्हणून नोंद करून घ्यायची, असं ठरवून ती मंडळाच्या दारात उभी राहिली. आईचं तिकीट तिनं आधीच रद्द केलं होतं. आईनं कारण विचारलं नाही, फक्त 'लोणच्याचा काय करू?' एवढंच विचारलं, आणि आवाजातलं हसू तिला लपवता आलं नाही.

मंडळात पाच जण होते. अध्यक्ष शिए नावाचे गृहस्थ, नाकावर चष्मा, समोर गरम पाण्याचा थर्मास. ऋजुताचं निवेदन त्यांनी शांतपणे ऐकलं. "परुळेकर नियमाविरुद्ध परुळेकरबाई," ते म्हणाले, "घरातलंच भांडण दिसतंय." मंडळी हसली. मग पट्टा आला.

तांगबाई समोर बसल्या. "आक्षेप मागे घेता का?"

"नाही."

"तुमच्या आईसाठी खोली तयार आहे. नियमाला तुमचं नाव आहे. बारा वर्षांचं काम आहे. आक्षेप मागे घेता का?"

"नाही."

तांगबाईंना तिसऱ्यांदा तेच वाक्य म्हणायचं होतं. त्या थांबल्या. हा आक्षेप टिकला तर आधी कुणाची मान जाणार हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळत होतं: होकार घ्यायला गावोगाव हिंडलेल्या बाईची.

"शिआओ रु," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज लागला नाही. "आक्षेप मागे घे. माझ्यासाठी."

इतकी वर्षं या बाईंनी ऋजुताकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. पेज आठवली. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःच्या अंगावरचा काढून दिलेला कोट आठवला. आणि मग काही ठरवायच्या आतच छातीतलं काहीतरी सैल झालं, अगदी बशीकडे पाहताना हुआंग आजींचं झालं असेल तसं. ऋजुताला कळलं की आता ती खरंच देणार आहे. नाटक नव्हतं. मागणाऱ्याचं तोंड पडू नये एवढंच त्या क्षणी जगात महत्त्वाचं होतं.

"बरं, लाओशी," ती म्हणाली. "घेते."

दिवा हिरवा. स्वच्छ, ठाम.

अध्यक्षांनी थर्मासचं झाकण लावलं. "आक्षेप मागे घेतला गेला आहे. प्रकरण—"

कायद्यानं ऋजुताला बोलता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बोलण्यासारखं तिच्यापाशी उरलंही नव्हतं. बायताओ गेलं होतं, तिच्याच तोंडून. आता सगळं एका माणसावर होतं, आणि त्या माणसाला गप्प बसण्याची सगळी कारणं होती: पद, नाव, निवृत्तीनंतरचा मान. नुसतं बसून राहिलं तरी सगळं शाबूत राहणार होतं.

तांगबाई दिव्याकडे बघत होत्या. या मुलीला त्या ओळखत होत्या. चॉपस्टिक धरायला शिकताना हिनं महिनाभर सगळ्यांच्या देखत भात सांडला होता, पण चमचा मागितला नव्हता.

"अध्यक्षमहाशय," त्या म्हणाल्या, "एक काम राहिलंय. हिनं आपली तिन्ही उत्तरं राखून ठेवायला सांगितली होती. पहिलं लावा."

"आता त्याची काय गरज? तिसरं हिरवं आहे."

"पहिलं लावा."

"तांगबाई, हा वेळेचा—"

"मी तिसऱ्यांदा मागतेय," तांगबाई म्हणाल्या. "लावा."

भिंतीवर रेघ उमटली. पहिला 'नाही': सरळ, एकही गाठ नाही. दुसरा 'नाही': तसाच. मग तिसरा, 'बरं, लाओशी', तोही सरळ. अजाण माणसालाही तीन रेघांतून एवढं दिसत होतं की या बाईला आक्षेप मागे घ्यायचा नव्हता, आणि तरीही ती खोटं बोलली नव्हती.

"यंत्र चुकलेलं नाही," तांगबाई म्हणाल्या. "हिनं खरोखरच दिलं. मी मागितलं म्हणून दिलं. आपण मोजत होतो ते समोरच्याचं चांगुलपण होतं, आणि त्याला आपण त्याची इच्छा म्हणत होतो. कितीतरी अंगणांत बसून मी असं घेतलंय. प्रत्येक ठिकाणी मला फळं खायला मिळाली."

शिए चष्मा पुसत राहिले. त्यांच्या शेजारच्या सदस्य बाईंनी हळूच विचारलं, "माझ्या आईचं गावही असंच राजी झालं होतं. तिचं पहिलं उत्तर मिळेल का?"

"नाही," तांगबाई म्हणाल्या. "ते आम्ही पुसलं."

आता या हिशेबात कुणी किती भरलं ते बघू.

तांग शुलान यांनी किंमत म्हणून पद दिलं. काढलं नाही कुणी. त्यांनी राजीनामा दिला, मंडळानं दोनदा 'नको' म्हटलं, आणि त्या तिसऱ्यांदा विचारायला थांबल्या नाहीत. हेशिनला तळ्याचा बेत सोडावा लागला. गणकघर डोंगरातून उचलून बुडालेल्या किनाऱ्यावर, समुद्राच्या पाण्यापाशी न्यावं लागलं, आणि वीज तिकडे वळल्यानं त्या उन्हाळ्यात युनचंगच्या लोकांनी अंधारात पंखे हलवत राज्याच्या नावानं बोटं मोडली. बायताओनं फारसं काही भरलं नाही. त्यांना पुन्हा एकदाच विचारलं गेलं. हुआंग आजी 'नाही' म्हणाल्या, विचारणारा 'बरं' म्हणून उठला, आणि एवढ्या लवकर उठलेल्या पाहुण्याला काय म्हणावं असा आजींना दिवसभर प्रश्न पडला. सगळ्यांत जास्त भरलं ते ज्या गावांवर आधीच पाणी चढलं होतं त्यांनी. त्यांची पहिली उत्तरं पाण्याखाली आहेत. ती रक्कम कुणाच्या नावावर टाकायची हे अजून ठरलेलं नाही.

आणि ऋजुता? ज्या नियमासाठी रहिवासपत्र मिळायचं होतं तो नियमच रद्द झाला, तेव्हा पत्र गेलं, घर गेलं, मोरी गेली. नाव मात्र राहिलं. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत तो धडा आहे, फक्त मथळा बदललाय: 'पालुलेका चूक'. परीक्षेत हमखास येतो म्हणे.

ती वेंगुर्ल्याला पोचली तेव्हा दुपार होती. खानावळीतली शेवटची पंगत उठली होती. आईनं तिच्या हातातली बॅग घेतली, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "च्या करू?"

दोन दिवसांचा प्रवास झाला होता. घसा कोरडा पडला होता आणि आईच्या हातचा चहा तिनं कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

"नको गं, तू दमलीस," ऋजुता सवयीनं म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बाकावर टेकली.

आई फडक्यानं टेबल पुसत राहिली. एक टेबल झालं, दुसरं झालं.

"आई?"

"काय गो?"

"पुन्हा नाही विचारलंस?"

"कित्याक?" आई म्हणाली. डोळे मिचकावले की नाही ते ऋजुताला नीट दिसलं नाही. "तूच मां त्यांका शिकवन इलंस, पैला उत्तार ऐकाचा म्हणान? मी ऐकलंय."

आणि ती परसात भांडी घासायला निघून गेली. त्या दुपारी ऋजुताला चहा मिळाला नाही.